जुन्या बाजारातलं रेस्टॉरंट: आधी सांगाडा, मग संग्रह

प्रश्न थोडक्यात असा आहे. छप्पर असलेल्या एका जुन्या बाजारात गाळा मिळाला आहे. बसायची जागा दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, छत पाच मीटर उंच. स्वयंपाकघर मागच्या वेगळ्या गाळ्यात. चाळीसेक माणसं बसवायची आहेत. हाताशी जमवलेल्या वस्तू भरपूर आहेत: कोरीव दारं, तऱ्हेतऱ्हेच्या खुर्च्या, काचेचे दिवे, एनॅमलच्या पाट्या, थोड्या जुन्या लाद्या. सजावट इक्लेक्टिक हवी, म्हणजे निरनिराळ्या काळांतल्या आणि शैलींतल्या गोष्टी एकत्र नांदल्या पाहिजेत; पण आत आल्यावर भंगारवाल्याकडे आल्यासारखं वाटता कामा नये. तर सुरुवात कुठून करायची, किती शैली चालतील आणि रंग कोणता?

सुरुवात वस्तूंपासून करू नका, हे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं. त्या सगळ्या एखाद्या कोरड्या खोलीत झाकून ठेवा आणि निदान आराखडा पक्का होईपर्यंत त्यांच्याकडे बघू नका. कारण तुमचा गाळा ज्या बाजारात आहे तो बाजारच मुळात मिश्र आहे. प्रत्येकाने आपापल्या सोयीने ओटा वाढवलेला असतो, एकाची ताडपत्री निळी तर शेजारच्याची पिवळी, पाट्यांवरची अक्षरं दहा तऱ्हेची, दिवे कुणाचे पांढरेफटक तर कुणाचे पिवळे. गिऱ्हाईक या सगळ्यातून वाट काढत तुमच्या दारापर्यंत येणार. आत शिरल्यावर पुन्हा तेच दिसलं तर आपण वेगळ्या जागी आलो हे त्याला जाणवतच नाही. मोकळ्या रस्त्यावरच्या कोऱ्या इमारतीत जेवढं मिश्रण सहज खपतं, त्याच्या निम्मंही बाजारात खपत नाही.

म्हणून बाजारातल्या इक्लेक्टिक सजावटीची सगळी मदार न बदलणाऱ्या गोष्टींवर असते. जमीन, छत, टेबलांची उंची, प्रकाशाचा रंग, सुतारकामाच्या रेषा, एवढं एकसारखं आणि शांत ठेवलंत तर त्यावर पंधरा तऱ्हेच्या वस्तू आरामात बसतात. तेच डळमळीत असेल तर तीन शैलीसुद्धा जड होतात. त्यामुळे ‘किती शैली चालतील’ याला आकड्यात उत्तर नाही; हा न बदलणारा सांगाडा किती भक्कम आहे त्यावर ते ठरतं.

सांगाडा ठरवायच्या आधी बाजार बघा. पहाटे माल उतरतो तेव्हा, भर गर्दीत, दुपारी मंदावतो तेव्हा आणि शटर पडायच्या वेळी, असं वेगवेगळ्या वेळी गाळ्यात जाऊन उभे राहा. ओटे धुतल्यावर पाणी कोणत्या बाजूने वाहतं आणि तुमच्या उंबऱ्यापाशी साचतं का, ते बघा. मासळीचा किंवा मटणाचा विभाग जवळ असेल तर वास कोणत्या वाऱ्याने आत येतो, ते बघा. हातगाड्या वळताना कोणत्या खांबाला घासतात, हेसुद्धा बघण्यासारखं असतं, कारण तुमच्या दर्शनी भागाचा तोच कोपरा सहा महिन्यांत पहिल्यांदा खराब होणार. छपराच्या काचेतून किंवा झरोक्यातून ऊन कधी आणि कुठे पडतं याचे फोटो काढून ठेवा. आणि बाजाराचे सार्वजनिक दिवे किती वाजता बंद होतात, हे नक्की विचारा. त्यानंतर संपूर्ण बाजारात उजेड असलेला गाळा एकच, तुमचा. दिवसा गर्दीतली एक जागा आणि रात्री अंधारातली एकटी जागा, अशा दोन्ही अवस्थांत ती चांगली दिसायला हवी.

आता सांगाडा. एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी बाजारांची एक शिस्त असते. पॅरिसच्या ले आल बाजारासाठी वास्तुकार व्हिक्टर बाल्तार यांनी १८५० च्या दशकापासून ओतीव लोखंडाच्या खांबांची आणि काचेची दालनं उभी केली. त्या धर्तीवर पुढे ठिकठिकाणी बाजार बांधले गेले. ले आलची ती दालनं १९७१ पासून पाडली गेली, पण पद्धत टिकून राहिली: ठरावीक अंतरावर खांब, त्यांवर कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), मधल्या मोकळ्या जागेत ज्याचा त्याचा धंदा. बांधकामाचं गणित एक आणि आतलं जग हजार तऱ्हांचं, ही तडजोड त्या इमारतीतच मुरलेली आहे. तुमच्या गाळ्यात असा खांब किंवा कैची असेल तर ती प्लायवुडने झाकू नका. उलट खांबांच्या अंतरावरूनच बाकांची लांबी, कपाटांचे खण आणि दिव्यांच्या रांगा काढा. बाजार दगडी किंवा लाकडी असेल तरी रीत हीच. तुळयांचं अंतर मोजा आणि तेच धरून चला.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याचं कॅलिफोर्नियातलं १९४९ चं घर याचा चांगला दाखला आहे. पोलादी चौकटींचं, कारखान्यात तयार मिळणाऱ्या भागांतून जोडलेलं घर, आणि आत लोककलेच्या वस्तू, गालिचे, शिंपले, खेळणी, झाडं अशी रेलचेल. तरीही घर गजबजल्यासारखं वाटत नाही, कारण कोणतीही वस्तू असली तरी तिच्या मागे चौकटीची सरळ रेष दिसते. तुमच्याकडची कोरीव दारं भिंतीवर कशीही टांगण्याऐवजी खांबांच्या दोन खणांत, वरची कड एका रेषेत धरून बसवलीत, तर ती निरनिराळ्या नक्षीची असूनही एकत्र येतील.

सांगाड्यावर सूत्र लागतं, म्हणजे सगळ्या वस्तूंना जोडणारा एक धागा. घरात हे सूत्र आपोआप असतं. ऑस्ट्रियन-स्वीडिश वास्तुकार योसेफ फ्रांक यांचं म्हणणं होतं की आपल्या भोवतालची रचना योगायोगाने घडल्यासारखी वाटावी. घराच्या बाबतीत मला ते पूर्ण पटतं, कारण तिथे राहणाऱ्या माणसाचं आयुष्यच सगळ्या वस्तूंना बांधून ठेवतं. रेस्टॉरंटमध्ये येणाऱ्याला तुमचं आयुष्य ठाऊक नसतं. आजोबांच्या खुर्चीची आठवण तुम्हाला आहे, त्याला ती नुसती खुर्ची आहे. तिथे सूत्र ठरवून, समजून घालावं लागतं.

ते कसं घालावं याचं माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे अमेरिकन डिझायनर अलेक्झांडर जिरार्ड यांनी सजवलेलं न्यूयॉर्कमधलं ‘ला फोंडा डेल सोल’, १९६० सालचं. जिरार्ड स्वतः लोककलेचे प्रचंड मोठे संग्राहक. त्यांचा लाखाहून अधिक वस्तूंचा संग्रह पुढे सांता फेच्या आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाला गेला. म्हणजे वस्तूंची ददात नव्हती. तरी त्यांनी रेस्टॉरंटसाठी एकच चिन्ह धरलं, सूर्याचं, आणि त्याची ऐंशीच्या आसपास रूपं केली. सूर्य मेनूवर, काडेपेट्यांवर, भांड्यांवर, भिंतींवर. रंग भडक, कापडं पट्ट्यापट्ट्यांची, कोनाड्यांत लोककलेच्या मूर्ती. पण डोळा जाईल तिथे सूर्य भेटत होता. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खुर्च्या ईम्स दांपत्याने केल्या, आणि त्यांची पाठ टेबलाच्या कडेपेक्षा वर येणार नाही अशी बेतली. त्यामुळे दालनात उभं राहून पाहिलं की टेबलांची एक सलग पातळी दिसायची, खुर्च्यांच्या पाठींचं जंगल दिसायचं नाही. मिश्रण कंबरेच्या वर, शिस्त कंबरेच्या खाली. चाळीस माणसांच्या खोलीत हा विचार जसाच्या तसा उचलण्याजोगा आहे.

तुमचं सूत्र चिन्ह असायला हवं असं नाही. एक धातू असू शकतो: सगळी कडी-कोयंडे, नळ, दिव्यांचे दांडे पितळेचे. एक आकार असू शकतो, कमान किंवा वर्तुळ. एखादं हस्तकौशल्य असू शकतं, म्हणजे वेत विणणं किंवा काचेवर अक्षरं रंगवणं. अट एवढीच की ते खोलीत कुठेही बसलेल्या माणसाला निदान तीन ठिकाणी दिसावं, आणि त्यातलं एक ठिकाण हाताला लागणारं असावं. ‘जुनं ते सगळं’ हे सूत्र होत नाही. ‘प्रवासात आवडलं म्हणून आणलं’ हेही होत नाही. सूत्र ठरलं की खोलीतला झाकलेला संग्रह उघडा, त्या सूत्रात बसतील त्या वस्तू वेगळ्या काढा, आणि बाकीच्या कितीही जीवाभावाच्या असल्या तरी घरी न्या. हे काम मालकांना सगळ्यात जड जातं, हे मी अनेकदा पाहिलंय. पण तिथे कणखर राहावंच लागतं.

रंगाचं सांगतो. बार्सिलोनाच्या सांता कातेरिना बाजाराचं नूतनीकरण एन्रिक मिरालेस आणि बेनेदेत्ता ताल्याबुए या वास्तुकारांनी केलं. ते २००५ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या लाटांसारख्या छपरावर सुमारे ३,२५,००० षटकोनी सिरॅमिक लाद्या आहेत, ६७ रंगांच्या, आणि रंगांची प्रेरणा खालच्या भाजी-फळांची. लोक फोटो बघतात आणि वाटतं, आपणही भरपूर रंग वापरू. पण ते सगळे रंग एका पृष्ठभागावर आहेत, छपराच्या वरच्या अंगाला. खालून वर पाहिलं तर लाकूड दिसतं. मालाचे रंग खाली, लाकूड वर, आणि रंगांचा उत्सव जिथे मालाशी झगडणार नाही तिथे. तुम्हीही बहुरंगी पृष्ठभाग एकच निवडा. तो काउंटरचा दर्शनी भाग असेल, नाहीतर मागची एक भिंत, नाहीतर जमिनीचा एक पट्टा. उरलेल्या भिंतींना चुन्याचा मळकट पांढरा किंवा मातकट रंग द्या. शुभ्र पांढरा नको. जुन्या वस्तू त्यापुढे अस्वच्छ दिसतात.

जुन्या लाद्या थोड्याच आहेत म्हणालात, मग त्या जमिनीवर विखरून टाकू नका. सिमेंटच्या नक्षीदार लाद्या सच्छिद्र असतात. तेल शोषतात आणि आंबट पदार्थाने त्यांचा रंग उडतो. संगमरवराचंही तसंच, लिंबाचा रस सांडला की चकाकी गेलीच. त्या लाद्या सीलर मारून काउंटरच्या पुढच्या उभ्या भागावर लावा, म्हणजे दिसतीलही आणि टिकतीलही. जमिनीला एकच साधी, न घसरणारी फरशी सगळीकडे. बाजारातून लोक ओल्या चपलांनी आत येणार आहेत. रॅम्पवरच्या घसरण-चाचणीत आर-१० किंवा त्यावरची श्रेणी असलेली घ्या, स्वयंपाकघराच्या दारापाशी आर-११. उंबऱ्याच्या आत निदान दीड-दोन मीटर लांब पायपुसणं जमिनीच्या पातळीत खाचा करून बसवा. छोटं पायपुसणं असलं तर लोक त्यावर एकच पाऊल टाकतात आणि पुढचं ओलं पाऊल थेट फरशीवर पडतं.

खुर्च्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इक्लेक्टिक रेस्टॉरंट बहुतेक वेळा इथेच बिघडतं. चाळीस खुर्च्या चाळीस तऱ्हांच्या, ही कल्पना ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात कुणी उंच बसतो, कुणी बुडतो, आणि एकाच टेबलावरची माणसं एकमेकांच्या डोळ्यांना डोळे भिडवू शकत नाहीत. टेबल ७४ ते ७६ सेंटिमीटर, बसायची पातळी ४४ ते ४६, आणि या दोहोंत साधारण ३० सेंटिमीटरचं अंतर, हे पाळायलाच हवं. म्हणून टेबलं सगळी एका उंचीची, एका प्रकारच्या पायाची. खुर्च्यांची तीन किंवा चार कुळं ठेवा. एका टेबलाला शक्यतो एका कुळातल्या किंवा दोन कुळांच्या जोड्या. एका भिंतीला सलग बाक लावलात तर अर्धी माणसं तिथेच बसतात आणि खुर्च्यांची विविधता समोरच्या बाजूलाच उरते. दोन टेबलांमधून वाढणाऱ्याला जायला ९० सेंटिमीटरची वाट ठेवा. बाजारात पिशव्या घेऊन आलेली माणसं असतात, त्या पिशव्या त्याच वाटेत येतात. बाकाखाली पिशव्या सरकवायला मोकळी जागा ठेवली तर लोक दुवा देतील.

जुनी खुर्ची घेताना ती उलटी करून बघा. बाहेरून पॉलिश कसं आहे ते महत्त्वाचं नाही. मागचे दोन पाय धरून हलकेच पिळा. सांध्यातून कुरकुर आली तर सरस सुटला आहे. सरस सुटलेला सांधा उकलून नीट बसवता येतो, पण कुणी आधी त्यात खिळे ठोकलेले असतील तर लाकूड चिरलेलं असतं आणि ती खुर्ची रोजच्या वापराला निकामी. पायांच्या तळाशी बारीक पीठ झडत असेल तर कीड जिवंत आहे. अशी खुर्ची बाकी लाकडाच्या जवळसुद्धा आणू नका. बसायच्या जागी वेत असेल तर कडेने बोट फिरवा, तुटायला तिथूनच सुरुवात होते. एका कुळासाठी वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मला फार आवडतात. थोनेट यांची १४ नंबरची खुर्ची १८५९ मधली, लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात पूर्ण. एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या सुट्या करून मावत असत. हलकी, दुरुस्त करायला सोपी, आणि दिसायला इतकी निगर्वी की तिच्या शेजारी कोरीव खुर्चीही शोभते आणि पत्र्याचीही.

आता आवाज, ज्याचा विचार सजावटीच्या फोटोत कधीच दिसत नाही. बाजारातले गाळे दगड, गिलावा, लोखंड, फरशी असे सगळे कठीण. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्डमध्ये १८९० च्या दशकात प्रयोग करून बसवलेलं सूत्र आजही उपयोगी आहे: घुमण्याचा काळ (आवाज विरायला लागणारे सेकंद) म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. तुमच्या खोलीचं घनफळ ३०० घनमीटर. जमीन, छत, भिंती मिळून पृष्ठभाग २८० चौरस मीटर. असे कठीण पृष्ठभाग सरासरी पाच टक्के आवाज शोषतात असं धरलं तर एकूण शोषण १४ चौरस मीटर. म्हणजे रिकाम्या खोलीत आवाज जवळजवळ साडेतीन सेकंद घुमणार. चाळीस माणसं बसली की त्यांच्या कपड्यांनी आणि अंगांनी अंदाजे १८ ची भर पडते, तरी दीड सेकंद उरतोच. निवांत बोलता यावं तर तो ०.८ च्या आसपास हवा. त्यासाठी एकूण शोषण ६० लागतं, म्हणजे आणखी २८. चांगल्या प्रतीचे, ऐंशी टक्के शोषणारे फलक घेतले तर ३५ चौरस मीटर. छताच्या अर्ध्याहून जास्त भागाला लावावे लागतील एवढे.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी हे १९११ मध्ये नोंदवलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारच्याने चढवायचा, आणि अर्ध्या तासात सगळी खोली ओरडत असते. त्यात दारात बाजार. लोक जेवण आवडूनही लवकर उठतात आणि कारण त्यांना सांगता येत नाही. भिंतीवर गालिचे किंवा जुनी पातळ कापडं टांगून हे सुटत नाही. ती फक्त वरच्या पट्टीचा आवाज खातात, माणसांच्या बोलण्याचा खालचा गुणगुणाट तसाच राहतो. कैच्या उघड्या ठेवायच्या असतील तर त्यांच्या मधल्या पट्ट्यांत लाकूडतंतूंचे किंवा खनिज लोकरीचे फलक उभे टांगा; उभ्या फलकाच्या दोन्ही बाजू कामाला येतात आणि कैच्याही दिसत राहतात. फलक छताच्याच रंगाचे घ्या. कापडं टांगायचीच असतील तर भिंतीपासून हातभर पुढे, भरपूर चुण्या घालून. एक गंमत अशी की पूर्ण उघडं दार हे घुमण्याच्या हिशेबात पूर्ण शोषण असतं, बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून रात्री बाजार शांत झाल्यावर शटर उघडं ठेवलं तर खोली अचानक सुखावह होते. भर दुपारी मात्र त्याच दारातून बाजार आत येतो.

उंचीवरून आणखी एक. पाच मीटर छत दिसलं की सगळ्यांना पोटमाळा सुचतो. पूर्ण खोलीवर माळा घातलात तर वर आणि खाली प्रत्येकी जेमतेम सव्वादोन-अडीच मीटर उरतात, कैच्या डोक्याला लागतात, गरम हवा आणि वाफ वरच्या माणसांभोवती साठते आणि बाजारात असल्याची जाणीव संपते. उंची हीच तुमची श्रीमंती आहे. माळा हवाच असेल तर मागच्या भिंतीला, खोलीच्या चौथाईपेक्षा कमी, आणि बाजारसमितीची व बांधकाम अभियंत्याची लेखी परवानगी घेऊनच. जुन्या लोखंडाला वेल्डिंग करण्याआधी ते ओतीव आहे की पोलाद, हे तपासून घ्यायला हवं. ओतीव लोखंड चुकीच्या वेल्डिंगने तडकतं.

दिव्यांच्या बाबतीत नियम सोपा आहे: शेड हव्या तेवढ्या तऱ्हांच्या, आतला बल्ब एकच. सगळीकडे २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाश, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० किंवा वर, आणि लाल रंगासाठीचा वेगळा आकडा, ज्याला आर-९ म्हणतात, तोही दुकानदाराकडून मागून घ्या. तो कमी असला की अन्नही फिकट दिसतं आणि माणसांचे चेहरेही. बाजारात दुकानांचे दिवे पांढरेफटक असतात, त्यामुळे तुमचा उबदार प्रकाश दुरूनच वेगळा कळतो. पाटीपेक्षा ती खूण जास्त काम करते. लोंबते दिवे टेबलापासून ७५ ते ८० सेंटिमीटर वर, पण फक्त न हलणाऱ्या टेबलांवर. टेबलं जोडावी लागणार असतील तिथे वरून सरकते दिवे द्या, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावर दिवा आदळणार. सगळे दिवे मंद करता यायला हवेत. दिवसा छपरातून ऊन येत असताना आणि रात्री चहूकडे अंधार असताना एकच तीव्रता चालत नाही.

हवेचं थोडक्यात. स्वयंपाकघरातून जेवढी हवा बाहेर ओढाल त्याच्या ऐंशी ते नव्वद टक्के ताजी हवा तिथेच आत सोडा, उरलेली जेवणाच्या दालनातून जाऊ द्या. म्हणजे स्वयंपाकाचा वास दालनात येत नाही. पण तेवढ्याने दालन बाजाराची हवा ओढायला लागेल. त्यासाठी दालनातही गाळलेली ताजी हवा द्या, बाजारापेक्षा किंचित जास्त दाबाने. हे काम वातानुकूलनाच्या अभियंत्याकडून आकडे मांडूनच करून घ्या. आणि वाफेतला तेलकटपणा सगळ्या वस्तूंवर बसतो हे लक्षात ठेवून, स्वयंपाकघराच्या दारापासून तीन-चार मीटरच्या आत पुसता न येणारी कोणतीही वस्तू लावू नका. उघडी कोरीव नक्षी तिथे असली तर वर्षात काळी आणि चिकट होते.

जुन्या वस्तूंचे काही धोके खरोखर गंभीर आहेत. जुन्या दारांवरच्या रंगात शिसं असू शकतं. ती कोरड्या सँडपेपरने किंवा यंत्राने घासली तर ती धूळ कामगारांच्या आणि पुढे लोकांच्या फुप्फुसात जाते. आधी तपासणी करा; शिसं सापडलं तर त्यातल्या जाणकाराकडून ओल्या पद्धतीने काढून घ्या किंवा वरून पक्कं सील करा, आणि लोकांचा हात लागतो तिथे असं दार वापरू नका. जुने दिवे नव्या वायरने, अर्थिंग देऊनच लावा. कापडं आणि गाद्या आग लवकर न धरणाऱ्या, प्रमाणपत्र असलेल्या. बाहेर पडायच्या वाटेवर जुनं लाकूड रचून ती अरुंद करू नका. जुन्या बाजारात आग एका गाळ्यात थांबत नाही, शेजारच्यांची रोजीरोटी तिच्याबरोबर जाते.

शेजारच्यांचा विषय निघालाच आहे, तर एक मनापासून सांगतो. बाजाराचा देखावा आत उभा करू नका. खोट्या खोक्यांच्या भिंती, कधीच न वापरलेले तराजू, मुद्दाम गंजवलेल्या पाट्या. दहा पावलांवर खरा तराजू रोज चालू असताना आतला दिखाऊ तराजू केविलवाणा वाटतो, आणि शेजारच्या गाळेवाल्याला आपल्या कामाची नक्कल झाल्याचं जाणवतं. त्याऐवजी बाजारातली माणसं कामाला घ्या. अनेक जुन्या बाजारांत अजूनही सुतार, कल्हईवाले, दोरवाले, टोपलीवाले, पाटी रंगवणारे असतात. फलकांच्या चौकटी त्यांच्याकडून करून घ्या, मेनूची पाटी बाजारातल्याच रंगाऱ्याच्या हाताने लिहून घ्या, बाकाखालच्या टोपल्या तिथल्याच विणकराकडून. यातून मिळणारी विविधता कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही, आणि वस्तू मोडली तर दुरुस्त करणारा चार गाळे सोडून बसलेला असतो. तुमच्या संग्रहातल्या एनॅमलच्या पाट्यांपैकी ज्या खरोखर एखाद्या विभागाची किंवा धंद्याची माहिती देतात त्या लावा. नुसत्या जुन्या म्हणून लावलेल्या पाट्या सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

पैसा लावताना क्रम असा ठेवा: ओल आणि गळती, मग हवा आणि वीज, मग आवाज, मग फरशी, मग टेबलं आणि बाक. संग्रहाची मांडणी शेवटी. बहुतेक जण उलट क्रमाने खर्च करतात, कारण कोरीव दार बसलं की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. भिंतीवरच्या वस्तूंसाठी एकसारख्या अंतरावर लोखंडी पट्ट्या बसवून घ्या, वस्तू त्यांना हुकने अडकवा. म्हणजे बदलायला भिंत फोडावी लागत नाही. उघडायच्या दिवशी त्या पट्ट्यांचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवा. सुरुवातीचे काही महिने लोक कुठे बसायला बघतात, कोणत्या कोपऱ्यात फोटो काढतात, कोणतं टेबल टाळतात, हे नोंदवत जा. टाळलेल्या टेबलामागे बहुधा डोळ्यात जाणारा दिवा, स्वयंपाकघराच्या दाराची धडक किंवा घुमणारा कोपरा असतो. आधी ते दुरुस्त करा, आणि मगच त्या भिंतीवर काय लावायचं ते ठरवा.